आठ हजार मोजमापांत न मावलेले खापर

आवाज म्हणजे हवेची थरथर, हे मी सातवी-आठवीच्या वर्गांना तीसहून अधिक वर्षे शिकवले. फळ्यावर खडूने एक लाट काढायची, तिच्या उंचीला बाण दाखवायचा, आणि मुलांना टेबलाच्या कडेवर पट्टी दाबून वाजवायला सांगायचे. त्या लाटेची उंची प्रत्येक क्षणाला मोजून नुसत्या संख्या लिहून ठेवता येतात, आणि त्याच संख्या पुन्हा हवेत सोडल्या की माणूस बोलू लागतो, हे मात्र मला निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना कळले.

साक्रीच्या आमच्या शाळेत आलेल्या संगणकांवर लिनक्स होते. ज्याला गणित येते त्याला संगणकही येतोच, अशी मुख्याध्यापकांची समजूत असल्यामुळे त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली. मला काहीच येत नव्हते. मी दोनशे पानी वही घातली. डाव्या पानावर संगणकाला द्यायची आज्ञा आणि उजव्या पानावर तिचा मराठीत अर्थ, अशी ती हळूहळू भरत गेली.

पुढे साथीत शाळा बंद राहिल्या, तेव्हा मी फोनवर धडे बोलून ठेवू लागले. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बहुतेक घरांत बटणांचे साधे फोन होते. त्यांत मेमरी कार्ड बसे, पण त्यांना फक्त एमपीथ्री वाजवता येई. माझा फोन ध्वनी साठवायचा तो एमफोरए रूपात. म्हणजे धडा तोच, पण एकाने लिहिलेली लिपी दुसऱ्याला वाचता येत नव्हती. वहीतली एक ओळ टंकून रूपांतर केले, आणि माझे चाळीस मिनिटांचे बोलणे, मी चार घोट पाणी पिईपर्यंत, दुसऱ्या रूपात लिहून तयार झाले. मी कोणालाही न सांगता ते पुन्हा एकदा केले. तेवढाच वेळ लागला.

कार्डे लहान होती, म्हणून फाइलीही लहान हव्या होत्या. चांगल्या ध्वनिमुद्रणात लाटेची उंची एका सेकंदात चव्वेचाळीस हजार शंभर वेळा मोजलेली असते. शिकवण्याच्या आवाजाला आठ हजार पुरतात, असे माझ्या लक्षात आले. अपूर्णांक समजायला बाईंचा आवाज गोड असण्याची गरज नसते. वहीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहून ठेवले: ‘नेहमी आठ हजार.’ धडा चुकला की त्याच नावाने पुन्हा करायचा. संगणक विचारी, जुन्यावर नवे लिहू का? मी ‘वाय’ची कळ दाबून होकार देई. काही दिवसांनी प्रश्न वाचणेही बंद झाले, बोट आपोआप जाई.

या दोन सवयी सांगितल्या, कारण पुढची चूक त्यांच्यातूनच झाली.

साक्रीच्या आठवडे बाजारात कुंभारवाड्यातली एक बाई खापरे विकायला बसे. खापर म्हणजे चुलीवर पालथे घालायचे मातीचे मोठे भांडे. हातावर धोतरासारखी पसरत नेलेली पुरणाची पोळी आमच्या खानदेशात त्याच्या पाठीवर टाकतात. मी तिला अक्का म्हणे, ती मला बाई. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्याकडून खापर घेताना मी रंग पाहिला, काठ पाहिला आणि पैसे काढले. तिने पैसे घेतले नाहीत.

“बाई, तुम्हीन पोरेसले शिकाडतस, आन खापर डोयाघाई लेतस?” ती म्हणाली. मुलांना शिकवता आणि खापर डोळ्यांनी घेता?

मग तिने मधले बोट वाकवून खापराच्या पाठीवर एक टिचकी मारली आणि थांबली. खापर घंटेसारखे घुमले. दुसरे एक बाजूला ठेवलेले खापर वाजवले, तेव्हा त्यातून नुसते ‘थप्’ आले. डोळ्यांना ती दोन्ही सारखीच होती. दुसऱ्यात केसाएवढी चीर होती, पहिल्याच जाळावर ते उकलले असते. खापर कानाने घ्यायचे असते, हा धडा मी तिच्यापुढे बसून शिकले.

तिची आरोळीही तशीच होती. “खापर ल्या वं माय, खापर! वाजाडीसन देखा, मंगच ल्या!” वाजवून पाहा, मगच घ्या. यानंतर एक टिचकी, आणि मग चार-पाच सेकंद ती काहीच बोलत नसे. नाद विरेपर्यंत थांबायचे हा तिचा नियम होता. शेजारी बसणारी मिरचीवाली तिला चिडवायची, “तू बोलस कमी आन थांबस जास्त.” अक्का उत्तर द्यायची, “तुनी मिरची नहीं ना वाजत, म्हनीसन तुले बोलनं पडस.”

मी निवृत्त होऊन जळगावला राहायला आले. गेल्या माघात अक्काच्या सुनेचा फोन आला. “बाई, डागदरनी सांगं, घसानी गाठ काढतीन तर आवाज बी जाई.” धुळ्याच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया ठरली होती. सून शांतपणे हिशेबाचे बोलत होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या तीन-चार बाजारांत वर्षातली निम्मीअधिक खापरे जातात. सगळ्या घरांत लेकी माहेरी येतात, पुरणपोळ्या होतात. सून स्वतः घरी माती आणि भट्टी सांभाळते, तिला आरोळी देता येत नाही, प्रयत्न केला तर लोक हसतात. अक्का गप्प बसली तर बाजारात तिच्याकडे कोण वळणार?

सुनेनेच उपाय काढला होता. शस्त्रक्रियेआधीच्या शेवटच्या बाजारात तिने फोन पदराखाली धरून सासूची आरोळी साठवून घेतली होती, जवळजवळ चाळीस मिनिटे. भाजीवाले गाडीवर लावतात तसला छोटा भोंगाही तिने घेतला. पण पेन ड्राइव्हवर ती फाइल घातली की भोंगा मुका राही. त्याला एमपीथ्रीच लागत होते. “पोरेसना धडा करेत ना तुम्ही, तसं करी द्या,” ती म्हणाली.

ती जळगावला आली, माझ्या जुन्या लॅपटॉपला फोन जोडून फाइल देऊन गेली. मी चाळीस मिनिटे ऐकली, त्यातली एक स्वच्छ फेरी निवडली: आरोळी, टिचकी, थांबणे, पुन्हा आरोळी. वही उघडली. पहिल्या पानावर लाल शाई होती. मी तीच ओळ टंकली, खोलीत बसून एकदा वाजवून पाहिले, शब्द स्वच्छ होते. लॅपटॉपच्या बारीकशा स्पीकरवर मला याहून अधिक काही ऐकू आले नाही. आणि खरे सांगायचे तर मी शब्दच ऐकत होते.

चैत्रातल्या एका बाजारच्या दिवशी धुळ्याला एसटी बदलून मी साक्रीला गेले. अक्का खापरांच्या उतरंडीमागे बसली होती. गळ्याला पांढरी पट्टी होती. मला पाहून ती हसली, त्या हसण्याला आवाज नव्हता. सुनेने भोंगा सुरू केला.

“खापर ल्या वं माय, खापर!”

बाजार वळला. जिचा आवाज दोन महिने नव्हता, ती तोंड मिटून बसली आहे आणि तिचाच आवाज तिच्या शेजारून येतो आहे. मिरचीवालीने हातातला तराजू तसाच धरून ठेवला. मीही पाहतच राहिले. हवेची एक थरथर संख्या होऊन जळगावला गेली, लिपी बदलून एसटीने परत आली, आणि पुन्हा तीच थरथर झाली. हे मी माझ्या हाताने केले होते, तरी ते मला पुरते खरे वाटत नव्हते.

मग भोंग्यातून टिचकी आली. ‘थप्.’

पुढच्या फेरीला पुन्हा ‘थप्.’ एक बाई खापर उचलता उचलता थांबली. “वं बहीन, तुनं खापर त फुटेल वाजी ऱ्हायनं.” तुझे खापर तर फुटलेले वाजते आहे.

“मशीन त आनं, पन त्याले सर्दी व्हयी गयी शे,” मिरचीवाली म्हणाली. चार जणी हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हते, पण खापर हातात घेतलेल्या बाईने ते खाली ठेवले, आणि तिच्या मागची तर वाकलीच नाही. लोकांना शब्द ऐकायचे नव्हते. ते टिचकी ऐकून ठरवणारे लोक होते, आणि माझी टिचकी चिरलेली होती.

अक्काने हात लांबवून भोंगा बंद केला. तिने एक खापर मांडीवर घेतले, वाजवले, आणि माझ्याकडे पाहिले. नाद विरला. मग भोंग्याकडे बोट केले आणि मान हलवली. पुन्हा खापर वाजवले, पुन्हा भोंगा दाखवला. ढ मुलाला मी अशीच, न रागावता, दोनदा समजावून सांगत असे.

परतीच्या एसटीत मला कारण सापडले. सेकंदाला आठ हजार वेळा मोजले, तर त्यात चार हजारांच्या आतली कंपनेच मावतात; लाटेचा चढ आणि उतार दोन्ही पकडायला दोन मोजमापे तरी लागतात. माणसाचे शब्द त्या मर्यादेत बऱ्यापैकी बसतात. भाजलेल्या मातीच्या नादातला वरचा, बारीक, घंटेसारखा भाग तिच्याबाहेर राहतो. फाइल लहान करताना मी तोच कापून टाकला होता. धड खापर आणि चिरलेले खापर यांतला फरक जेवढ्या भागात होता, नेमका तेवढाच.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी एक बाळबोध गोष्ट केली. आठ हजारांच्या फाइलीचे पुन्हा चव्वेचाळीस हजारांत रूपांतर केले. फाइल फुगली, आवाज तसाच राहिला. गाळलेल्या संख्या कुठून परत येणार? मूळ फाइल लॅपटॉपवर होती, तरी मी सुनेला फोन केला, तुझ्या फोनमधली पुसू नको म्हटले.

“फोन भरायी गयथा, बाई. तुमले दिधं व्हतं ना, म्हनीसन मी पुसी टाकं.”

म्हणजे अक्काचा पुरा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या टेबलावरच्या त्या लॅपटॉपमध्ये. तो पुन्हा कधी साठवता येणार नव्हता. हे कळल्यावर कोणीही आधी त्या फाइलीच्या दोन प्रती केल्या असत्या. मी गणिताची शिक्षिका, आयुष्यभर कच्च्या आणि पक्क्या वहीवरून मुलांना बोलले. आणि मी प्रती केल्या नाहीत. मला चूक सुधारण्याची घाई झाली होती.

चाळीस मिनिटांतून हवी ती फेरी आधी पूर्ण मोजमापांनिशी कापून घ्यायची आणि मग रूपांतर करायचे, असे मी ठरवले. आज्ञा टंकली. कापलेल्या तुकड्याला नाव दिले ‘खापर’. मूळ फाइलीचे नावही मीच ‘खापर’ ठेवले होते. रूपही तेच, जागाही तीच. वहीत गणित खोडून त्याच चौकटीत नीट लिहावे, तशी माझी बुद्धी चालली. संगणकाने विचारले, या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का? आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझे बोट ‘वाय’वर जाऊन पडले.

दुपारचे साडेबारा वाजले होते. जळगावचे चैत्राचे ऊन खिडकीच्या गजांवर तापले होते. मी काय केले ते मला कळ दाबल्यावर कळले. चाळीस मिनिटे वाचता वाचताच त्यांच्यावर एक मिनिट लिहायला मी सांगितले होते. पहिला अक्षरसमूह लिहिला जाताच वाचायचे काही उरले नसते.

पडद्यावर एक ओळ आली. जी फाइल वाचायची आहे तीच लिहायची फाइल म्हणून दिली आहे, असे करता येत नाही, थांबत आहे. एवढेच. मूळ फाइल जशीच्या तशी होती. मी ती तीन वेळा उघडून ऐकली.

ती ओळ मी वहीत उतरवून घेतली. होकार मी दिला होता, स्पष्ट दिला होता, तरी तो मानायचा नाही असे कोणीतरी आधीच ठरवून ठेवले होते. ही आज्ञावली कोणी लिहिली ते मला माहीत नाही. पुष्कळ माणसांनी मिळून लिहिली आणि कोणालाही वापरायला दिली, एवढे माहीत आहे. त्यांतल्या कोणीतरी, कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी टेबलाशी बसून विचार केला असणार, की एखादा माणूस घाईत दोन्हीकडे एकच नाव लिहील आणि वर हो म्हणेल. त्याने साक्री ऐकलेले नसणार. खापर पाहिलेले नसणार. तरी त्याने त्या दुपारी माझे मनगट धरले. विद्यार्थ्याची चूक त्याने करण्याआधी ओळखता येणे, हे मी शिक्षकाचे सर्वांत मोठे कसब मानत आले. ते मला फारच थोड्या वेळा साधले. इथे ते, न पाहिलेल्या विद्यार्थ्यासाठी, दोन ओळींत लिहून ठेवलेले होते.

मग मी प्रती केल्या. एक लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, एक कार्डावर. नावे वेगळी, तारखेसह. त्यानंतर पूर्ण मोजमापांनिशी रूपांतर केले आणि बाहेरचा मोठा स्पीकर जोडून वाजवले. टिचकी पडली आणि खापर घुमले. स्वयंपाकघरातले माझे स्वतःचे खापर मी उतरवून आणले, वाजवले, पुन्हा फाइल वाजवली. दोन्ही धड होती. वहीच्या पहिल्या पानावरच्या लाल ओळीला मी एक जोड दिली: ‘नेहमी आठ हजार, फक्त शब्दांना.’

आखाजीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊनच अक्काच्या घरी पोचले. अंगणात खापरे उन्हाला मांडली होती. सुनेने भोंगा लावला. अक्का कान त्याच्याजवळ नेऊन बसली. टिचकी आली, नाद आला. तिने डोळे मिटले आणि तो विरेपर्यंत मिटलेलेच ठेवले. सून मला म्हणाली, “आते खरं शे.”

मी लॅपटॉपची पिशवी उचलली. पण अक्काने हात वर केला. अंगणातले एक खापर उचलून तिने ते भोंग्याशेजारी ठेवले. भोंग्याकडे बोट, मग खापराकडे बोट, मग नाही म्हणून मान. मला समजेना. टिचकी चांगली वाजत होती, आणखी काय हवे होते? सुनेने दोन-तीन अर्थ लावून पाहिले, सगळ्यांना तिने हाताने उडवून लावले. शेवटी तिने मागच्या भिंतीशी पडलेले एक टाकाऊ खापर आणले आणि तेही भोंग्यापुढे ठेवले. भोंगा सुरू करायची खूण केली. आरोळी झाली, टिचकी झाली, सुंदर नाद घुमला. त्याच क्षणी तिने त्या टाकाऊ खापराकडे बोट दाखवले.

“हां,” सून हळूच म्हणाली. “आत्याबाई सांगस, हाई त फुटेल खापरले बी चांगलंच वाजाडी.”

एका खापराचा नाद दुसऱ्याच्या नावावर विकायचा नाही. ज्याचे त्याने वाजले पाहिजे. चांगली टिचकी जपण्यासाठी मी तीन आठवडे जीव आटवला होता, आणि तिला ती आरोळीत नकोच होती. अक्काने वाकवलेले मधले बोट माझ्यासमोर धरले आणि हलवून दाखवले. घसा गेला होता, बोट होते.

ओट्यावर बसून मी टिचकी कुठल्या सेकंदाला सुरू होते आणि नाद कुठे संपतो ते मोजले. तेवढ्या भागात आवाजाची पातळी शून्य करायची आज्ञा लिहिली, नवे नाव दिले, नाव मोठ्याने वाचून खात्री केली आणि मग कळ दाबली. सून म्हणाली, “इतलुसं काम? मी म्हंत, दिन जाई.” डोळे मिचकावावेत तेवढ्यात ते झाले होते.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती बाजारात कळली. मुद्रणात आरोळीमागे त्या दिवसाच्या बाजाराचा सगळा गलका भरलेला होता. पातळी शून्य केल्यावर टिचकीबरोबर तोही थांबला. दुसऱ्या दिवशी भोंगा म्हणाला, “वाजाडीसन देखा, मंगच ल्या!” आणि एकाएकी इतकी पूर्ण शांतता त्यातून आली, की बाजूने जाणाऱ्या बायका पाय थांबवून वळल्या. त्या शांततेत अक्काने समोरच्या बाईने निवडलेले खापर मांडीवर घेतले आणि टिचकी मारली. नाद उठला. भोंगा पुढची आरोळी देण्याआधी तो पुरा विरला. थांबणे तिचेच होते, सेकंद न सेकंद, शस्त्रक्रियेआधीच्या बाजारात तिने थांबून ठेवलेले.

मिरचीवालीने दोन फेऱ्या ऐकल्या. “आते त तोंड उघाडानं बी काम नहीं तुले,” ती म्हणाली. अक्काने तिच्याकडे न पाहता हवेतच एक टिचकी मारली.

दुपारी उतरंड कमरेइतकी खाली आली. मला धुळ्याची एसटी गाठायची होती. निघताना मी एक खापर मागितले. माझे घरी धड होते, तरी मागितले. अक्काने तीन खापरे पुढे मांडली आणि हात मांडीवर ठेवून बसली. भोंगा बोलला, मग गप्प झाला. मी बोट वाकवले.